पाहुणीचे तुकडे

आमच्या घरात हळू बोलणं कोणालाच जमत नाही, याचं खापर मी आजही खालच्या चक्कीवर फोडते. माधवनगरात आम्ही जिथे राहत होतो त्या घराच्या तळमजल्यावर पिठाची चक्की होती. सकाळी नऊला तिचा पट्टा फिरायला लागला की आमच्या फरशीला बारीक कंप सुटे, कपाटातल्या बरण्या एकमेकींना टेकून किणकिणत आणि घरातली तिन्ही माणसं एकमेकांना 'चहा घेणार का' हे सुद्धा शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत. रविवारी चक्की बंद असे, पण आमचे आवाज चालूच. पाहुण्यांना वाटायचं की आत भांडण चाललंय, आणि ते जिन्यातच थबकायचे. मग आई तिथूनच ओरडायची, 'या, या, काही नाही, आम्ही गप्पा मारून राहिलो.'

बाबा मूळचे साताऱ्याकडचे. बँकेनं त्यांना दोन वर्षांसाठी म्हणून उज्जैनला पाठवलं, आणि ती दोन वर्षं त्यांची अजून पुरी झालेली नाहीत. कारण आई. आई इथलीच. तिचे पूर्वज दरबारात कारकून होते, आणि त्यांच्या वळणदार अक्षराचा अभिमान ती इतका बाळगते की जणू ते अक्षर तिनंच काढलंय. तिच्या मराठीत निम्मी हिंदी असते. बाबांनी लग्नानंतर पहिली काही वर्षं ती दुरुस्त करायचा प्रयत्न केला, पुढे 'ठीक है' म्हणायला लागले आणि आता साताऱ्याला गेले की त्यांचे भाऊच त्यांना दुरुस्त करतात.

बाबांचं खरं आयुष्य बँकेत नव्हतं, मराठी मंडळाच्या रंगमंचावर होतं; म्हणजे अगदी रंगमंचावर नाही, विंगेत. ते प्रॉम्प्टर होते. चक्कीवर राहणाऱ्या माणसानं प्रॉम्प्टर होऊ नये. त्यांची कुजबुज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचायची आणि जाणकार प्रेक्षक मुद्दाम पुढे बसायचे, कारण तिथे प्रत्येक संवाद दोनदा ऐकायला मिळायचा. नट अडखळलेला बाबांना सहन होत नसे. त्याने नुसता श्वास घेतला तरी हे वाक्य सांगून मोकळे.

अशा घरात मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते, आणि मी नेमकं काय करते हे तिघांपैकी कोणालाच सांगता येत नव्हतं. तिघांत मीही आले. विषय होता उज्जैनला लागूनच असलेल्या भैरवगढच्या छपाईच्या कपड्यावरचा काळा आणि लाल रंग धुतल्यावर टिकतो कसा. कापड आधी हरड्याच्या, म्हणजे हिरड्याच्या, पाण्यात बुडवतात, ते पिवळट होतं. मग गंजकं लोखंड आणि गूळ माठात आंबवून केलेलं पाणी लाकडी ठशानं त्यावर छापलं की तिथे काळा रंग उमटतो. तुरटी छापून पुढे रंगाच्या कढईत उकळलं की लाल. इतकं साधं. पण मी ते सांगायला लागले की 'आयन' आणि 'बंध' असले शब्द तोंडात यायचे आणि समोरचा माणूस घड्याळाकडे बघायचा. आईनं त्यावर आपला तोडगा काढला. ती शेजारपाजारी सांगायची, 'मंजू कपडे धुण्यावर डॉक्टर होऊन राहिली.'

परिणाम असा झाला की लोक डाग घेऊन यायला लागले. शाईचे, लोणच्याचे, पानाचे. मंडळाच्या सचिव पाटकी काकू आमच्याच गल्लीत राहायच्या. त्या हिरवं रेशमी लुगडं घेऊन आल्या, पदरावर हळदीचा डाग होता. मी नको म्हणत होते, पण आईनं ते आधीच ठेवून घेतलं होतं. मी प्रयोगशाळेतून काहीतरी आणून लावलं. डाग गेला. हिरवाही गेला. काकू चार दिवस बोलल्या नाहीत आणि पाचव्या दिवशी येऊन म्हणाल्या, 'मंजे, गणपतीत या वर्षी तुझं व्याख्यान ठेवलंय. विषय तुझं संशोधन. सगळ्यांना कळू दे एकदा.' यात सूड किती आणि कौतुक किती हे मला आजतागायत समजलेलं नाही.

नकार द्यायचं काही कारण नव्हतं, कारण तेव्हा मी फार खुशीत होते. प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता, गणपतीनंतर पंधरा दिवसांत जमा करायचा होता. बाबांनी 'डॉ.' लावलेली माझ्या नावाची पाटीसुद्धा रंगवून आणली होती. ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटामागे लपवलेली होती. हे मला माहीत नाही असं बाबांना वाटत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही असं आईला वाटत होतं. शिवाय माझा निष्कर्ष भलताच देखणा होता. दीड वर्ष मी भैरवगढच्या एकाच कारखान्यातून छापलेल्या कापडाचे तुकडे गोळा केले होते, पत्र्याची एक पेटी भरून. प्रत्येक तुकडा मी पुन्हा पुन्हा धुतला, दर वेळी रंग मोजला. एकही तुकडा फसला नाही. आलेख काढला तर टेबलाच्या कडेसारखी सरळ रेघ. मी म्हटलं, ही करामत तिथल्या विहिरीच्या पाण्याची. पाण्यातल्या क्षारांवर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं, आणि ते वाचताना मला स्वतःलाच भरून यायचं.

माझ्या मार्गदर्शक तिवारी मॅडम कमी बोलायच्या. त्यांच्या टेबलावर बडीशेपेची डबी असायची आणि विचार करताना त्या एकेक दाणा चावायच्या. आलेख बघून त्या म्हणाल्या होत्या, 'इतना सीधा तो कुछ होता नहीं, बेटा. एक बार फिर देख लेना.' मी पुन्हा बघितलं. म्हणजे तेच तुकडे पुन्हा धुतले. रेघ आणखी सरळ झाली. आता मी स्वतः मार्गदर्शक आहे आणि विद्यार्थ्यांच्या तोंडावर तो प्रसन्न भाव दिसला की मला धडकी भरते. तेव्हा मात्र मॅडमना वयामुळे शंका येतात असं माझं मत होतं. त्या तेव्हा माझ्या आजच्या वयापेक्षा लहान होत्या.

ज्या कारखान्यातून तुकडे आणत होते तो हबीब चाचांचा. माझी लूना घेऊन मी आठवड्यातून दोनदा भैरवगढला जायची. गल्लीत शिरलं की आधी आवाज यायचा. ठशावर मुठीची कड दोनदा आपटते, ठक-ठक, मग ठसा पुढे सरकतो, पुन्हा ठक-ठक. चाळीस वर्षं तसं आपटून चाचांच्या उजव्या हाताच्या कडेला सुपारीएवढा घट्टा पडला होता, आणि त्यांना एखादी गोष्ट पटली की ते मांडीवरही तसंच दोनदा आपटायचे. मी दिसले की कारखान्यातली एकुलती एक खुर्ची खांद्यावरच्या फडक्यानं पुसली जायची. चाची आतून चहा आणायची, सोनेरी काठाच्या कपबशीत, शेजारी बशीभर लसणाची शेव. बाकी सगळे गोणपाटावर बसून काचेच्या पेल्यातून प्यायचे. मी खुर्चीवर, कप हातात, जणू तपासणीला आलेली साहेबीण. मग मी म्हणायचे, चाचा, आज जे छापलंय त्यातला एक तुकडा द्या. आणि चाचा दर वेळी म्हणायचे, 'परसों ले जाना, बिटिया.' दीड वर्षात त्यांनी त्याच दिवशी तुकडा दिला असं एकदाही झालं नाही. मी माझ्या वहीत ठसठशीत अक्षरात नोंद केली होती, 'कारागीर वेळ पाळत नाहीत.' ती वही अजून माझ्याकडे आहे. ते पान मी कोणाला दाखवत नाही.

व्याख्यानाच्या तालमी आठवडाभर स्वयंपाकघरात चालल्या. मक्याचे दिवस होते. आई भुट्ट्याच्या किसासाठी कणसं किसत बसायची आणि मी ओट्याला टेकून बोलायची. तिनं सांगून ठेवलं होतं, माझी किसणी थांबली तर समज की तू चांगलं बोलली. सात तालमी झाल्या, किसणी एकदाही थांबली नाही. आम्ही आठवडाभर कीस खाल्ला. बाबांनी माझं भाषण स्वतःच्या अक्षरात उतरवून काढलं, लाल शाईनं 'इथे थांबणे', 'इथे टाळ्या' अशा खुणा केल्या आणि जाहीर केलं की विंगेत ते उभे राहणार. मी सांगून पाहिलं की व्याख्यानाला प्रॉम्प्टर नसतो. ते म्हणाले, 'म्हणूनच व्याख्यानं पडतात.'

हबीब चाचांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा ही पाटकी काकूंची कल्पना. आणि सत्काराआधी त्यांना घरी जेवायला बोलवायचं, ही आईची. त्या दिवशी सकाळपासून आईनं पुरणपोळ्यांचा घाट घातला होता आणि पुरण सैल झालं होतं. पहिली फुटली, दुसरी फुटली, तिसरीनं तव्यावरच पोट सोडलं. आई एकेक फुटकी पोळी उचलून परातीखाली सरकवत होती. बाबांनी एकीला हात घातला तर त्यांच्या बोटांवर उलथनं बसलं. मग कशाबशा दहा-बारा चांगल्या निघाल्या, पौर्णिमेच्या चंद्रासारख्या, आणि त्याच चाचांच्या पानापाशी गेल्या. चाचा पांढरा कुर्ता घालून अवघडून बसले होते. तुपात बुडवून त्यांनी तीन खाल्ल्या आणि आईला म्हणाले, 'भाभी, आपके हाथ की तो एक भी कच्ची नहीं.' आईनं पदर सावरत 'अहो, कुछ नहीं, रोज का है' असं काहीतरी म्हटलं. परातीखाली ढीग होता.

संध्याकाळी मंडळाचं सभागृह भरलं. समोर गणपती, त्याच्याकडे पाठ होणार नाही अशा बेतानं तिरकं ठेवलेलं टेबल, भिंतीवर पडदा. पहिल्या रांगेत चाचा आणि पाटकी काकू, तिसऱ्या रांगेत बडीशेपेच्या डबीसकट तिवारी मॅडम; उज्जैनमध्ये राहून दोघांनाही मराठी समजायची. आई बायकांच्या बाजूला, किसणी नसल्यामुळे हात मोकळे आणि चेहरा अस्वस्थ. मी बोलायला उभी राहिले आणि काय सांगू, मजा आली. चक्कीवरचा आवाज कामाला आला. हरडा सांगितला, लोखंड सांगितलं, आंबलेल्या गुळाचा वास नाक मुरडून सांगितला, तिथे हशा पिकला. बाबा विंगेतून प्रत्येक वाक्य माझ्या आधी अर्धा सेकंद बोलत होते आणि पहिल्या तीन रांगा दोघांचं मिळून ऐकत होत्या. शेवटी मी आलेख पडद्यावर टाकला. सरळ रेघ. मी हात पसरून म्हटलं की दीड वर्षात एकही तुकडा फसला नाही, आणि याचं श्रेय आपल्या भैरवगढच्या पाण्याला. लाल शाईची खूण होती तिथे बरोबर टाळ्या पडल्या. बाबांचा 'वा' सगळ्यांनी ऐकला.

मग चाचांना शाल घातली आणि काकूंनी त्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली. चाचा उठले, नारळ कुठे ठेवावा ते न समजून पोटाशी धरला. म्हणाले, 'बिटिया बहुत अच्छा बोली. पर पानी की इतनी तारीफ़ सुनके मुझे हँसी आ गई. ये पानी तो हमारे कितने ही कपड़े बिगाड़ देता है.'

सभागृह हसलं. मीही हसले, विनय आहे म्हणून. आणि हसत हसतच म्हटलं, 'पर चाचा, मेरे वाले तो एक भी नहीं बिगड़े.'

'कैसे बिगड़ते?' चाचांनी नारळावर दोनदा मुठीची कड आपटली. 'दो दिन इसीलिए तो माँगते थे. धोके, देख-देखके, सबसे अच्छा निकालते थे तेरे वास्ते. कभी ठीक नहीं आया तो दुबारा छापते थे. मेहमान के हाथ में बिगड़ा हुआ कपड़ा देंगे क्या?'

पुन्हा हशा, यावेळी कौतुकाचा. काय दिलदार माणूस, असा. कोणालाच काही समजलं नव्हतं. फक्त तिसऱ्या रांगेत तिवारी मॅडमनी बडीशेप चावायची थांबवली होती. मी पडद्यावरच्या रेघेकडे वळून पाहिलं. माझी पेटी म्हणजे भैरवगढचं कापड नव्हतंच. ती हबीब चाचांच्या पाहुणचाराची पेटी होती. दीड वर्ष मी त्यांची माया धुऊन धुऊन मोजत होते आणि ती फिकी होत नव्हती.

आता खरं सांगते. त्या क्षणी निसटायला वाट होती. हसून नमस्कार केला असता, आभार मानले असते, आरती झाली असती. पंधरा दिवसांनी प्रबंध गेला असता. चाचांचं वाक्य सभागृहात विरून गेलं असतं, कपाटामागची पाटी दारावर लागली असती. बाबांनाही काहीतरी बिघडल्याचा वास आला असावा, कारण विंगेतून त्यांची तीव्र कुजबुज आली, 'ऋणी आहे... मी आपली सर्वांची ऋणी आहे...' हे माझं शेवटचं वाक्य होतं. त्यांनी आणखी मोठ्यानं सांगितलं. आता पाचव्या रांगेनंही ऐकलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आई बोलली. ती मला काही सांगत नव्हती, शेजारणीला सांगत होती, पण आमच्या घरातला आवाज. 'बरोबरच आहे ना त्यांचं. मी तरी दुपारी फुटकी पोळी कुठे वाढली त्यांना? सगळ्या परातीखाली पडून राहिल्यात.' आणि बोलून झाल्यावर चाचा समोरच आहेत हे लक्षात येऊन तिनं जीभ चावली.

मी टेबलावरचं पाणी प्यायले. मग म्हटलं, 'गेला पाऊण तास मी तुम्हाला जे सांगितलं, ते चूक आहे.'

विंगेतून काहीही आलं नाही. बाबांकडे यापुढचं पान नव्हतं.

पुढचं मी कसं बोलले ते धड आठवत नाही. पण त्यात एकही 'आयन' नव्हता हे नक्की, कारण मी पोळ्यांवर बोलले. म्हटलं, समजा मला आईच्या पोळ्यांवर संशोधन करायचंय, आणि मी फक्त चाचांच्या पानातल्या पोळ्या मोजल्या. एकही फुटकी नाही. मग मी लिहीन की आईची पोळी कधी फुटत नाही, आणि त्याचं कारण आमच्या नळाचं पाणी. परातीखाली मी बघितलंच नाही. भैरवगढला मी दीड वर्ष पाहुण्याच्या पानावर बसून होते. रंग कधी बसत नाही, का बसत नाही, यातलं मला काहीच माहीत नाही, आणि ते माहीत नसेल तर तो कधी बसतो हेही मला माहीत नाही.

मग पाटकी काकू हळूच म्हणाल्या, 'अगंबाई, म्हणजे हे तर सगळीकडेच होत असेल.' आणि बांध फुटला. एक निवृत्त मास्तर उठून म्हणाले की साहेब तपासणीला यायचे त्या दिवशी आम्ही ढ मुलांना मारुतीच्या देवळात पाठवायचो. कोणी म्हणालं, मुलगी बघायला येतात तेव्हाचे पोहे. कोणी म्हणालं, फोटोंचा अल्बम. एका आजोबांनी स्वतःच्या भजनी मंडळाबद्दल जे सांगितलं ते मी इथे लिहीत नाही, त्यातले काही जण हयात आहेत. आरतीला उशीर झाला. गुरुजी घंटा हातात धरून उभे होते आणि तेही ऐकत होते. त्यानंतर मी पुष्कळ व्याख्यानं दिली. हल्ली लोक मोबाइलवर ती टिपूनही घेतात. पण संपूर्ण सभागृहाला माझं संशोधन काय आहे हे समजलं असं तेवढं एकदाच घडलं, आणि त्या वेळी माझ्याकडे संशोधन शिल्लक नव्हतं.

पायऱ्यांवर तिवारी मॅडम थांबल्या होत्या. मी रडणार हे ओळखून त्यांनी डबी पुढे केली, बडीशेप तोंडात असताना रडता येत नाही. 'कितना टाइम लगेगा?' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वर्ष तरी जाईल. त्या म्हणाल्या, 'लगने दो.' आणि रिक्षा शोधायला निघून गेल्या.

घरी बाबा कपडे न बदलता खुर्चीत बसून राहिले. पाटीचा विषय कोणी काढला नाही. मग ते म्हणाले, 'इतकी वर्षं विंगेत उभा राहिलो, नटाला वाक्य सापडलं आणि मला नाही असं कधी झालं नव्हतं.' यात दुःख किती होतं आणि अभिमान किती, हे ओळखायला मला त्यांचा चेहरा दिसायला हवा होता, पण ते भिंतीकडे बघत होते. आईनं परात उचलली आणि फुटक्या पोळ्या तिघांच्या पानात वाढल्या. पुरण बाहेर आलेलं, कडा करपलेल्या, गार. आम्ही त्या सगळ्या संपवल्या.

आता तुम्हाला वाटेल की दुसऱ्या दिवशी मी भैरवगढला गेले आणि चाचांनी बिघडलेल्या कापडाचं गाठोडं समोर टाकलं. तसं काही झालं नाही. गेले खरी. खुर्ची पुसली गेली, सोनेरी काठाचा कप आला. मी मागणी केली आणि चाचांची मूठ ठशावर थांबली. ते म्हणाले, 'तू किताब में लिखेगी कि हबीब का रंग कच्चा है.' मी म्हटलं, तुमचं नाव कुठेही येणार नाही. ते म्हणाले, 'भैरवगढ़ तो लिखेगी.' माझं एक वर्ष जाणार होतं. त्यांची चाळीस वर्षांची इभ्रत होती. चहा तसाच राहिला. बडीशेपेची सोयही नव्हती.

तरी मी जात राहिले. तुकडा मागायचं सोडून दिलं. नवरात्रीआधीची घाई होती, आभाळ सतत भरलेलं, कापड वाळत नव्हतं आणि माणसं कमी पडत होती. एकदा चाचीनं सहज सांगितलं, जरा हे टोक पकड. मी पकडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पकडलं. मग हरड्याच्या पाण्यातून कापडाचं अख्खं थान पिळून काढायला लागले, हात कोपरापर्यंत पिवळे, आणि आई विचारायची की तू प्रयोगशाळेत जाऊन राहिलीस की लग्नघरात. विहिरीवर पाणी ओढलं. कापड वाळत घातलं, पाऊस आला की धावत काढलं, थांबला की पुन्हा घातलं. वहीला हात लावायला वेळच नव्हता.

शेवटी काय सापडलं ते सांगून टाकते, कारण लोक तेच विचारतात. पाण्याचा वाटा होता, पण लहानसा. मोठा वाटा होता छापल्यानंतर कापडाला किती दिवस स्वस्थ पडून राहू दिलं त्याचा. ओल्या हवेत घाईनं धुतलं की रंग निघून जायचा. वर्षभर घासून मी हे सिद्ध केलं आणि धावत चाचांना सांगायला गेले, तर ते म्हणाले, 'ये तो मैं पहले ही दिन बता देता. तू पानी का पूछती थी.' प्रबंधात आभाराच्या पानावर सगळ्यात वर कोण आहे हे सांगायला नको. आणि मसुदा जमा करायच्या आधी, गाठोडं देताना चाचांनी बजावलं होतं तसा, मी तो त्यांना आणि चाचीला हिंदीत वाचून दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी मला थांबवलं, दोन्ही ठिकाणी माझी चूक होती. पाटी पुढे लागली. तोवर तिचा रंग उडायला लागला होता, आणि याचं शास्त्रीय कारण आता मी देऊ शकत होते.

पण गाठोडं मिळालं तो दिवस आधीचा. त्या दुपारी चाचांनी माझ्या हातात ठसा दिला, बहुतेक गंमत म्हणून. वेल होती, कैरीची. मी तो रंगात बुडवला, कापडावर ठेवला, मूठ वळली, आणि त्यांच्यासारखं ठक-ठक केलं. हात असा झणझणला की डोळ्यांत पाणी आलं. ठसा उचलला तर कैरी उलटी छापलेली, अर्धी गायब, आणि उरलेल्या अर्ध्यावर माझ्या अंगठ्याचा काळा डाग. चांगलं थान होतं, गिऱ्हाइकाचं. चाचांनी चष्मा वर करून ते नीट पाहिलं, कडेकडेनं फिरून पाहिलं, मग कात्री घेऊन तेवढा तुकडा कापला आणि माझ्या ओंजळीत ठेवला. 'ले. पेटी में सबसे ऊपर रखना.' आणि आत वळून चाचीला म्हणाले, 'खटिया के नीचे वाला गट्ठर निकाल दे इसको. पर जो लिखेगी, पहले हमको पढ़के सुनाएगी.'

चाचीनं गाठोडं ओढत आणलं. फिके, फुटलेले, ओघळलेले तुकडे, काही गोधडीत भरायला ठेवलेले, काही हात पुसायचे. मी त्यांच्यासमोर गोणपाटावर बसकण मारली आणि एकेक उलगडायला लागले. चाचा सांगत गेले, हा कधीचा, हा कशानं गेला, याच्या वेळी पाऊस होता. खुर्ची कोणाच्या लक्षात आली नाही, तिच्यावर कापडाची चळत होती. मग चाची चहा घेऊन आली. सोनेरी काठाचा कप कुठे दिसेना. माझ्या हातात काचेचा पेला आला, काठाला टवका उडालेला, आणि तोंड कुठून लावायचं ते तिनं जाता जाता बोटानं दाखवलं. मी पेला फिरवून घेतला आणि प्यायले.